मध लागत नाही

नायगाव, २१ ऑक्टोबर २००१

बेसिल,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलो नाही, अजून ठरलेलं नाही एवढंच.

तुझा पत्ता तुझ्या आईनेच, जिजा मावशीने दिला. रविवारी तू तिला फोन करतोस तेव्हा मी दोनदा पापडीला तुझ्याच घरी बसलेलो होतो. "दिना आलाय, देऊ का त्याला?" असं ती विचारते, आणि मग रिसिव्हर तसाच कानाला धरून "बरं, बरं" करत राहते. मला काय समजायचं ते समजतं. म्हणून पत्र. सायबर कॅफेत जाऊन आलो, तिथे मराठी उमटत नाही, आणि इंग्रजीत तुझ्यावर रागवायची मला सवय नाही.

तर कामाचं. फेब्रुवारीत सॅन्टनकाकांना जाऊन वर्ष होईल. मावशीची इच्छा आहे की चर्चमध्ये वर्षाची मिस्सा झाली की, जेवणं बसायच्या आधी, तुमच्या अंगणात मी त्यांची पाण्याची चाल वाजवावी. लग्नघरी विहिरीवरून पाणी आणताना तुझे बाबा क्लॅरिनेटवर वाजवायचे आणि आपल्याला त्यांनी माउथ ऑर्गनवर बसवून दिली होती, ती. मी लगेच हो म्हटलं. सायकलवर बसून नाक्यापर्यंत आलो आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की ती चाल मला येतच नाही. निम्मी येते. उरलेली तू कॅनडाला घेऊन गेलास.

रचनाला हे समजावताना दमछाक झाली. माझी बायको दादरची, तिला वाटतं बाजा घेतला की सगळे सूर आत असतातच. मी तिला माझा पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुराचा, बाजा दाखवला. म्हटलं, खालच्या सप्तकात बघ. सा आहे, रे आहे, ग आहे, प आहे, नी आहे. म नाही आणि ध नाही. बनवणाऱ्यांनी ठेवलेच नाहीत. आणि बेसिलचा बाजा होता पांढरी चारचा. त्यात नेमके हेच दोन पहिल्या दोन भोकांत, नुसते फुंकायचे. म्हणून आम्ही जोडीने वाजवायचो. मी घाम गाळून चाल वाजवायची, आणि म किंवा ध आला की साहेबांनी शेजारून 'फू' करायचं. अख्ख्या चालीत दोन भोकं, आणि टाळ्या मात्र निम्म्या!

ती हसली. मग मी सांगितलं की आम्ही त्या दोन सुरांना मध म्हणायचो. "मध दे रे," म्हटलं की तू फुंकायचास. तेव्हा मात्र ती हसली नाही.

तिने उपाय सुचवले. वरच्या सप्तकात वाजव, तिथे सगळे आहेत. आता हिला काय सांगू? आपण एकदा वर वाजवली होती तेव्हा काका म्हणाले होते, "पानी विहिरीतून येते रं, छपरावरून नाय." तुझ्यासारखा दुसरा बाजा आण, म्हणाली. वसईतली दुकानं पालथी घातली, सगळीकडे पांढरी एकच. आता राहिला एकच रस्ता. भोकातला सूर ओढता ओढता खाली वाकवायचा. दुसऱ्या भोकातून म निघतो म्हणे आणि तिसऱ्यातून ध. बाजाच्या डबीतल्या कागदावर लिहिलंय.

तू तिकडे हे शिकलास का? जीभ नक्की कुठे ठेवायची? तेवढं कळव, बाकीचं कळवू नकोस.

दिनानाथ

•

नायगाव, ११ नोव्हेंबर २००१

बेसिल,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण पोस्टमन दिसला की मान वळते, ती काही माझं ऐकत नाही.

वाकवणं जमत नाहीये. कागदावर लिहिलंय, जबडा खाली सोडा, जीभ मागे घ्या, हवा जोरात ओढू नका, हलकी ओढा पण पूर्ण ओढा. हलकी पण पूर्ण म्हणजे काय, हे मी रचनाला विचारलं. ती म्हणाली, "संसाराबद्दल लिहिलं असेल." जोरात ओढलं तर सूर गुदमरतो. हलकं ओढलं तर जसाच्या तसा सरळ वाजतो, माझी जीभ आत काय कसरत करतेय याची त्याला खबरच नाही. बराच वेळ ओढलं की डोळ्यांपुढे काजवे. बाजाच बिघडलाय म्हणून दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने एकदा फुंकलं, एकदा ओढलं आणि म्हणाला, "भाऊ, यात काही नाही." मग बिघाड कुणात आहे, ते त्याने माझ्याकडे बघून सांगितलं.

घरी वाजवायची बंदी झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, "कुठे मांजर अडकलंय का हो?" तेव्हापासून मी मिठागराच्या बांधावर जाऊन बसतो. तिथे बगळे आहेत, ते उडून जातात पण तक्रार करत नाहीत.

फेबियनला गाठलं. तोच, चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवणारा. तो म्हणाला, "ई म्हणता म्हणता ऊ म्हण, पण आवाजात म्हणू नको." मी म्हटलं, मग कशात म्हणू? तो म्हणाला, "मनात नाय, तोंडात." यावर मी घरी येईपर्यंत विचार केला आणि अजून करतोय.

खरं सांगू, मला काय करायचंय तेच मला समजत नाही. तुझे दोन सूर मी शिकलो तर काकांची चाल पुरी होईल, मावशी खूश होईल. आणि मग तुझी गरज संपेल. हे मला हवंय की नको? तू न सांगता गेलास तेव्हा मला हेच हवं होतं. त्या दिवशी मी तुझ्याकडे बाजा घेऊन निघालो होतो. नाक्यावर पाववाल्याने हात केला आणि म्हणाला, "काय दिना, तुजा जोडीदार काल गेला ना?" कुठे, हे मी त्याला विचारलं. विचार कर, पाववाल्याला विचारलं. तेव्हापासून मी त्याच्याकडचा पाव घेत नाही. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, तेही मला समजत नाही.

दिनानाथ

•

नायगाव, ९ डिसेंबर २००१

बेसिल,

म लागला!

कसा, ते ऐक. बांधावर थर्मास घेऊन गेलो होतो. चहा फार गरम होता म्हणून झाकणात ओतून फुरका मारला. आपण लहानपणी बशीतून मारायचो तसा, शेजारच्या घरी ऐकू जाईल असा. आणि मारता मारता जाणवलं की जबडा खाली गेलाय आणि जीभ आपोआप मागे सरकली आहे. तसाच बाजा तोंडाला लावला आणि दुसऱ्या भोकावर चहा प्यायलो. सूर आधी जरा कण्हला आणि मग खाली उतरून बसला. तुझा म! तू फुंकायचास त्यापेक्षा जरा रडका, पण म. मी उभाच राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते चहाने आलं असं मी रचनाला सांगितलं.

ध मात्र हाती लागत नाही. दुसऱ्या भोकात म तळाला आहे, धाडकन खाली गेलं की सापडतो. तिसऱ्यात ध मध्येच आहे. त्याच्या वर एक चोरटा सूर, खाली एक चोरटा सूर, आणि थांबायचं बरोबर मधल्यावर. शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर मधल्या पायरीवर उभं राहायला सांगावं तसं झालंय. मी एकतर वरच अडकतो नाहीतर घसरत थेट खाली.

आणि त्यात माझ्या आयने घोळ घातला. मी घरभर तणतणत फिरायचो, "मध लागत नाही, मध लागत नाही." आता आपली भाषा तुला आणि मला ठाऊक, आयला कुठून ठाऊक असणार? चिंचोटीकडून एक बाई मध विकायला येते. आयने तिच्याकडून बाटली घेतली आणि मी कामावर गेल्यावर माझ्या बाजाच्या भोकाभोकात चमच्याने मध भरला. संध्याकाळी बाजा तोंडाला लावला तर आवाज नाही, नुसतं गोड. आत मुंग्या. मी ओरडलो, "आय, हे काय केलंस?" तर ती शांतपणे म्हणते, "लागत नाय म्हनत होतास ना? मीच लावला."

रचना हसून हसून खाली बसली. मीही हसलो, मग चिडलो, मग आयचं तोंड बघून परत हसलो. आयला अजून वाटतं की मध कमी पडला.

बाजा कोमट पाण्यात घालून ठेवलाय. उघडून साफ करावा लागणार. काही बिघडलं तर फेब्रुवारीचं काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

म लागला हे पहिल्यांदा तुलाच लिहिलं. का, ते विचारू नकोस.

दिना

•

नायगाव, ६ जानेवारी २००२

बेसिल,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांत पहिलं. वरचा तो कॅनडाचा मोठा स्टँप, आत घडी घातलेला चांगला जाड कागद, आणि त्यावर दोन शब्द. "शिकू नकोस."

अरे, म्हणजे काय? एवढा कागद कोरा पाठवायला विमानाचा खर्च केलास?

रचना म्हणाली, "तो येतोय. सरप्राइज असेल." आय म्हणाली, "त्याचा वाटा तू खातोस, म्हनून रागावलाय." फेबियन म्हणाला, "वाकवून वाकवून बाजातली पट्टी तुटते, म्हनून सांगत असेल." तिघांचं ऐकलं आणि प्रत्येकाचं ऐकताना तेच बरोबर वाटलं. सकाळी मला वाटतं, तू माझ्यावर उपकार करतोयस. दुपारी वाटतं, साता समुद्रापलीकडे बसून हुकूम सोडतोयस. बाबांना मातीही द्यायला आला नाहीस आणि मला सांगतोस काय शिकायचं ते! हे लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय.

जिजा मावशीला पत्र दाखवलं नाही. तिला वाटेल आपण भांडतोय. आपण भांडतोय का?

रागारागात बाजा उघडला. चारी स्क्रू काढून दात घासायच्या ब्रशने आतला मध काढला. तुला ठाऊक होतं का, प्रत्येक भोकात दोन पट्ट्या असतात? एक फुंकायची, एक ओढायची, समोरासमोर. मला वाटायचं ओढताना फुंकायच्या पट्टीचं काही काम नाही, ती आपली गप्प. म्हणून पहिल्या खेपेला मी ओढायच्याच तेवढ्या साफ केल्या आणि बाजा मिटला. तिसरं भोक सरळ वाजलं, पण वाकेचना. परत उघडला. फुंकायची पट्टी मधाने चिकटलेली. ती सोडवली आणि सूर लगेच वाकला. म्हणजे सूर वाकतो तेव्हा ती दुसरी पट्टी पण आत बोलत असते. मी तो उघडा बाजा हातात घेऊन बसलो होतो. रचनाने विचारलं, काय झालं? मी तिला दोन्ही पट्ट्या दाखवल्या.

शिकणं थांबवलेलं नाही. थांबवावं असं वाटतं. थांबवत नाही.

दिना

•

नायगाव, २७ जानेवारी २००२

बेसिल,

आज पापडीला गेलो होतो. मावशी अंगणात वालपापडीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागलो आणि शेवटी विचारलंच, "मावशी, तो मला न सांगता का गेला?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुला सांगितला असता तं तू नको जाऊ म्हनला असता."

"म्हटलंच असतं."

"मंग तो ऱ्हायला असता," ती म्हणाली. "आनि तेव्हा घर चालायला कोनी तरी जायलाच होवं. त्याचे बाबा म्हनले, दिनाला नको सांगू, परत आल्यावर सांगू."

मग तुझ्या कागदपत्रांचंही सांगितलं. ते हातात यायच्या आधी तू बाहेर पडलास तर तिकडे परत घेणार नाहीत, म्हणून तू बाबांच्या वेळी आला नाहीस. हे मला ठाऊक होतं. पण तिने सांगितलं की त्या दिवशी तू फोनवर अर्धा तास काही बोललाच नाहीस, आणि तिनेही फोन ठेवला नाही. हे मला ठाऊक नव्हतं.

इतके दिवस मी एक राग सांभाळून ठेवला होता. आता तो कुणावर काढू? काकांवर? घरी येताना पाववाल्याकडून पाव घेतले. त्याने जुन्या ओळखीचे म्हणून एक जास्त घातला.

ध आता लागू लागलाय. फेबियन व्हायोलिनवर ध धरून ठेवतो आणि मी तिसऱ्या भोकातून त्याच्याकडे सरकत जातो. दोन्ही सूर एक झाले की कानातली थरथर थांबते. तिथे थांबायचं. न हलता, श्वास संपेपर्यंत. कधी जमतं, कधी नाही. फेबियन नसला की जास्त करून नाही.

तू येणार असशील तर लिही. मी हे सगळं सोडून देईन, अगदी विसरून जाईन. विसरता येईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही. फुरका मारला तरी आता मला म ऐकू येतो.

दिना

•

नायगाव, ११ फेब्रुवारी २००२

प्रिय बेसिल,

काल वर्षाची मिस्सा झाली. तुझ्या आईने फोनवर "सगळं छान झालं" म्हटलं असेल. काय झालं ते मी लिहितो.

परवा, शनिवारी, मी एकदा वाजवून बघायला तुमच्या ओटीवर गेलो. मावशी आत होती. चूल पेटलेली, उद्याची तयारी चाललेली. मी येतो असं सांगितलं नव्हतं, हाकही मारली नाही. म्हटलं आधी एकदा होऊ दे. बाजा काढला आणि चाल सुरू केली. म आला, लागला. ध आला. बेसिल, तो असा लागला की मी स्वतः चकित झालो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही भोक रिकामं न जाता, चाल पुरी झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती मी एकट्याने पुरी वाजवली.

आतून मावशी बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप चहा. केस नीट केलेले, पदर सारखा केलेला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शेजारी पाहिलं, मग दाराकडे, मग पायऱ्या उतरून अंगणात, विहिरीकडे. "कां लपला रे?" ती म्हणाली. "ये ना. बेसिल?"

मी नुसता बाजा वर करून दाखवला. वेड्यासारखा. तिला ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ती म्हणाली, "तू दोगांचा वाजवला?" मी मान हलवली.

ती आत गेली. एक कप परत टोपात ओतला, मला आवाज आला. बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि माझा चहा संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दिना, चांगला वाजवतो तू. पन उद्या त्याचे दोन नको वाजवू. उद्या सगला गाव असेल. सगल्यांच्या पुढ्यात माजे पाय परत दाराकडे जातील."

एवढे महिने मी जे शिकलो, ते वाजवू नको असं तुझ्या आईने सांगितलं, आणि मला वाईट वाटलं नाही. आधी वाटलं, मग नाही.

काल अंगणात फादर होते, तुझे दोन्ही मामा, काकांच्या बँडमधले सगळे म्हातारे, नायगावहून आय आणि रचना. मी वाजवायला उभा राहिलो. चाल सुरू झाली आणि पहिला म आला तिथे मी थांबलो. जीभ मागे जात होती, तिला दाबून धरलं. तेवढी जागा रिकामी सोडली आणि पुढे गेलो. वाटलं, लोक म्हणतील हा चुकतोय.

दुसऱ्यांदा जागा आली तेव्हा बँडमधल्या एका म्हाताऱ्याने तो सूर गुणगुणला. नुसता हं. पुढच्या वेळी चार जण होते. मग मामा, मग फेबियन, मग रचना. ती दादरची बाई, तिला कुणी शिकवलं कोण जाणे! शेवटी तर मी थांबायचो आणि अख्खं अंगण तुझा सूर म्हणायचं. म्हातारे डोळे मिटून, बायका पदर तोंडाला लावून. आय तर सगळीकडेच म्हणत होती, जिथे नको तिथेही. मला भरून आलं. मला वाटलं, तुझी जागा गावाने राखून ठेवलीय. लगेच वाटलं, की भरून टाकलीय? यातलं काय, ते मला अजून ठरवता येत नाही.

पण एक मी नीट पाहिलं, आणि त्यात माझा काही गोंधळ नाही. सगळं अंगण गुणगुणत होतं तेव्हा जिजा मावशी गप्प होती. ओठ घट्ट मिटलेले. प्रत्येक वेळी ती जागा आली की ती मान जराशी तिरकी करायची, आणि अंगणाचा आवाज तिच्या शेजारून निघून जायचा.

तू मला शिकू नकोस म्हणालास. मी शिकलो, मग तिने सांगितल्यावर वाजवलं नाही, आणि जे झालं ते बरंच झालं. पण मला ध लागतो की नाही, गाव गातं की नाही, याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, बेसिल. तिला तिचा मुलगा हवा होता.

कधी येतोस?

दिना